पडद्याचे आयुष्य आणि माहितीचा रतीब

गावातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी काही वर्षांपूर्वी मी अँड्रॉइडवर चालणारे एक छोटे अ‍ॅप लिहिले होते. सभासदाने दूध आणले की सचिवांनी मापाचा आकडा भरायचा, नोंद जतन करायची, आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत त्या सत्राचे एकूण संकलन दिसायचे, एवढेच त्याचे काम होते. एके दिवशी सकाळी पहिल्या सभासदाचे ६.५ लिटर दूध आले. सचिवांनी ते भरले, त्या सभासदाचे मागचे खाते उघडून पाहिले, परत नोंदीच्या पडद्यावर आले आणि दुसऱ्या सभासदाचे ४ लिटर भरले. बेरीज १०.५ यायला हवी होती. पट्टीत २१ आले. हातातला फोन आडवा झाला तेव्हा तीच बेरीज एकदम ४ वर उतरली. सचिवांनी मला फोन करून विचारले, "साहेब, वहीत साडेदहा आहे, तुमच्या फोनात मघाशी एकवीस होते आणि आता चार आहे. सभासदाला यातलं कोणतं सांगू?"

डेटाबेस उघडून पाहिला तेव्हा त्यात दोनच नोंदी होत्या आणि दोन्ही अचूक होत्या. म्हणजे साठवलेली माहिती खरी होती. पडद्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवर ती बिघडत होती. अशा चुकांमध्ये अ‍ॅप बंद पडत नाही, कुठे लाल अक्षरांत इशारा येत नाही, आणि लिहिणाऱ्याच्या टेबलावर सगळे सुरळीत चालते, म्हणून त्या महिनोन्‌महिने लपून राहतात. त्यांचे मूळ पडद्याच्या आयुष्यात असते, आणि ते आयुष्य कसे चालते हे आधी नीट पाहिल्याशिवाय एकवीसचे कोडे सुटत नाही.

संगणकावरचा प्रोग्रॅम आपण बंद करीपर्यंत चालू राहतो, अशी आपली सवयीची समजूत असते. मोबाइलवरचा पडदा मात्र वापरणाऱ्याच्या मर्जीने जगत नाही, तो व्यवस्थेच्या मर्जीने जगतो. अँड्रॉइडमध्ये एका पडद्याला बहुधा एक अ‍ॅक्टिव्हिटी असते, आणि तिच्या आत पडद्याचे भाग सांभाळणारे फ्रॅगमेंट असतात. या प्रत्येकाला जन्मापासून अंतापर्यंतच्या अवस्था असतात. आधी वस्तू तयार होते, मग ती दिसू लागते, मग तिला स्पर्श करता येतो. फोन आला किंवा दुसरे अ‍ॅप उघडले की हाच क्रम उलटा सुरू होतो, आणि शेवटी ती नष्ट होते. प्रणालीच्या भाषेत या अवस्थांना इनिशियलाइज्ड, क्रिएटेड, स्टार्टेड, रिझ्यूम्ड आणि डिस्ट्रॉइड म्हणतात. फोन आडवा केला तर अँड्रॉइड सर्वसाधारणपणे चालू अ‍ॅक्टिव्हिटी पूर्ण नष्ट करून नवी तयार करते, कारण आडव्या पडद्यासाठी मांडणी आणि चित्रे वेगळी असू शकतात आणि ती नव्याने उचलावी लागतात. वापरणाऱ्याला वाटते की पडदा फक्त वळला. आत मात्र जुना पडदा गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसराच उभा असतो.

माहितीला असे करून चालत नाही. इंटरनेटवरून येणारे उत्तर किंवा ब्लूटूथवरून येणारे वजन पडद्याच्या जन्ममृत्यूसाठी थांबत नाही, ते आपल्या वेळेला येते. पूर्वी असे उत्तर परत येई तेव्हा ज्या पडद्यासाठी ते मागवले होते तो नष्ट झालेला असे, आणि नसलेल्या पडद्यावर लिहायला गेलेले अ‍ॅप कोसळे. यावर तोडगा म्हणून गूगलने २०१७ साली आर्किटेक्चर कंपोनंट्स या नावाने काही साधने आणली. त्यांतल्या व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलेली माहिती पडदा वळला तरी टिकते, आणि लाइव्हडेटा ही अशी पेटी असते की तिच्यातली किंमत, म्हणजे तिच्यात ठेवलेला आकडा किंवा माहिती, बदलली की ती ऐकणाऱ्यांना आपणहून कळवते. ऐकणाऱ्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. लाइव्हडेटाचे खरे वैशिष्ट्य असे की ऑब्झर्व्हर जोडताना त्याचा मालक, म्हणजे ज्याच्या आयुष्याशी तो बांधायचा ती वस्तू, सांगावा लागतो. मालक स्टार्टेड किंवा रिझ्यूम्ड अवस्थेत, म्हणजे पडद्यावर दिसत, असेल तरच किंमत पोचवली जाते, आणि मालक नष्ट झाला की ऑब्झर्व्हर आपोआप काढून टाकला जातो. कोसळणारी असंख्य अ‍ॅप्स या एका नियमाने सावरली.

माझी चूक याच मालकाच्या नावात होती.

दुधाच्या रतीबाचे उदाहरण घेऊ. रतीब एकदा लावला की बंद करा असे सांगेपर्यंत दूधवाला रोज पिशवी टाकतो. समजा एका खोलीत भाडेकरू बदलत असतात आणि प्रत्येक जण आल्या आल्या रतीब लावतो, पण तो स्वतःच्या नावाने न लावता घरमालकाच्या नावाने लावतो. भाडेकरू खोली सोडून जातो; घरमालक मात्र तिथेच असतो, त्यामुळे पहिला रतीब चालूच राहतो. नवा भाडेकरू येतो आणि तोही रतीब लावतो. दुसऱ्या दिवशी दारात दोन पिशव्या पडतात. दूधवाल्याचे काही चुकलेले नसते, कारण ज्याच्या नावाने रतीब आहे तो माणूस हयात आहे.

फ्रॅगमेंट हा घरमालक आहे आणि त्याचा दृश्य भाग, ज्याला व्ह्यू म्हणतात, तो भाडेकरू आहे. या दोघांची आयुष्ये वेगवेगळी असतात, आणि मला वाटते, अँड्रॉइड शिकवताना सर्वांत कमी वेळ याच गोष्टीला दिला जातो. एका फ्रॅगमेंटच्या जागी दुसरा आणला आणि मागे परतण्याची सोय ठेवली, तर पहिल्या फ्रॅगमेंटचा व्ह्यू नष्ट होतो, पण फ्रॅगमेंट स्वतः क्रिएटेड अवस्थेत जिवंत राहतो. मागे आलो की त्याच फ्रॅगमेंटसाठी नवा व्ह्यू तयार होतो आणि व्ह्यू तयार झाल्यावर चालणारा कोड पुन्हा एकदा चालतो. माझ्या अ‍ॅपमध्ये ऑब्झर्व्हर जोडणारी ओळ नेमकी त्या कोडमध्ये होती आणि मालक म्हणून मी फ्रॅगमेंटचे नाव दिले होते. सचिव सभासदाचे खाते पाहून परतले, तेव्हा पहिला ऑब्झर्व्हर तसाच होता आणि त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला.

आता एकवीसचा हिशोब मांडता येतो. माझा लाइव्हडेटा सर्वांत शेवटी जतन झालेली नोंद कळवत असे, आणि ऑब्झर्व्हर ती नोंद फ्रॅगमेंटमध्ये ठेवलेल्या बेरजेत मिळवत असे. पहिली नोंद ६.५ लिटरची होती, ऑब्झर्व्हर एकच होता, बेरीज ६.५ झाली. खात्याच्या पडद्यावरून परतल्यावर दुसरा ऑब्झर्व्हर जोडला गेला. लाइव्हडेटा प्रत्येक किमतीला एक आवृत्तिक्रमांक देतो आणि प्रत्येक ऑब्झर्व्हरने कोणत्या क्रमांकापर्यंत ऐकले आहे हे लक्षात ठेवतो. नव्या ऑब्झर्व्हरचा क्रमांक उणे एकपासून सुरू होतो, म्हणजे त्याने काहीच ऐकलेले नाही असे धरले जाते, आणि पेटीत असलेली शेवटची किंमत त्याला लगेच दिली जाते. ती किंमत ६.५ होती. जुन्या ऑब्झर्व्हरने ती आधीच ऐकलेली असल्यामुळे तो गप्प राहिला, पण नव्याने ती मिळवली आणि कोणीही दूध न आणता बेरीज १३ झाली. मग ४ लिटरची नोंद आली, ती दोघांनी ऐकली, दोघांनी मिळवली, आणि १३ अधिक ८ मिळून २१ झाले. वहीतल्या १०.५ च्या ते बरोबर दुप्पट होते, त्यामुळे सगळे दोनदा मोजले जाते एवढाच निष्कर्ष मी काढला. प्रत्यक्षात त्या दोनदा मोजण्याची कारणे दोन होती आणि ती निरनिराळी होती.

मी फक्त एकच कारण दूर केले. फ्रॅगमेंटच्या व्ह्यूला स्वतःचे आयुष्य आहे हे मान्य करून व्ह्यू-लाइफसायकल-ओनर नावाचा वेगळा मालक २०१८ सालापासून उपलब्ध आहे. ऑब्झर्व्हर त्याच्या नावाने जोडला की व्ह्यू गेल्याबरोबर तो ऑब्झर्व्हरही जातो. म्हणजे रतीब भाडेकरूच्या नावाने लागतो आणि त्याच्याबरोबर बंद होतो. एक शब्द बदलून मी अ‍ॅप परत दिले. दुसऱ्या दिवशी तसाच क्रम घडला आणि पट्टीत १७ आले. परतलेल्या पडद्याच्या नव्या ऑब्झर्व्हरला जुने ६.५ पुन्हा मिळाले होते, त्यामुळे ६.५, पुन्हा ६.५ आणि ४ अशी बेरीज झाली होती. दुसऱ्या वेळी मला खरोखर वाईट वाटले, कारण सचिवांनी वही बाजूला ठेवून फोनवर विश्वास ठेवायला नुकतीच सुरुवात केली होती.

फोन आडवा केल्यावर बेरीज ४ का होते, याचे उत्तरही इथेच आहे. पडदा वळल्यावर फ्रॅगमेंट नवा तयार झाला, त्यातली बेरीज शून्यावर आली, आणि व्ह्यूमॉडेल टिकलेले असल्यामुळे पेटीतली शेवटची किंमत, म्हणजे ४, तेवढी मिळवली गेली.

लाइव्हडेटा शेवटची किंमत नव्या ऑब्झर्व्हरला देतो हा त्याचा दोष नाही. तो केंद्रावरच्या फळ्यासारखा आहे. आजचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. कोणी सकाळी सहाला येवो किंवा साडेसातला, त्याला तो वाचता येतो, आणि दहादा वाचला तरी काही बिघडत नाही. पडद्यावर जे दिसायला हवे ते असे फळ्यावर लिहिण्याजोगे असले पाहिजे. ऑब्झर्व्हरने ते वाचून जसेच्या तसे दाखवावे, त्यात स्वतःची भर घालू नये. मी फळ्यावरचा मजकूर वाचणाऱ्यालाच हिशोब करायला बसवले होते, आणि तो जितक्यांदा वाचेल तितक्यांदा हिशोब वाढत होता. शेवटी मी बेरीज ऑब्झर्व्हरमधून काढून डेटाबेसकडे सोपवली. रूम या डेटाबेस साधनात क्वेरीचे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे, उत्तर लाइव्हडेटाच्या रूपात मागता येते, आणि त्या क्वेरीच्या तक्त्यात काही बदलले की ती पुन्हा चालून नवे उत्तर कळवले जाते. आता सत्रातल्या सर्व नोंदींची बेरीज तक्त्यातूनच येऊ लागली. ऑब्झर्व्हर एकाऐवजी तीन जोडले गेले असते तरी तिघांनी तोच आकडा त्याच पट्टीत लिहिला असता. याचा अर्थ मालक चुकला तरी चालतो असा नाही, कारण नको असलेले ऑब्झर्व्हर स्मृती अडवतात आणि निघून गेलेल्या व्ह्यूला धरून ठेवतात. पण त्या चुकीचा भुर्दंड सभासदाच्या दुधावर पडत नाही.

ही चूक उलट दिशेनेही होते. अ‍ॅप मागे गेलेले असताना काट्याकडून तीन नोंदी आल्या, तर पडदा परत दिसू लागल्यावर ऑब्झर्व्हरला फक्त तिसरी मिळते. मधल्या दोन त्याच्यासाठी घडल्याच नाहीत. पडदा रंगवण्याचे काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामाच्या मुख्य धाग्यावर, चालते; दुसऱ्या थ्रेडवरून किंमत कळवण्यासाठी पोस्टव्हॅल्यू वापरतात. मुख्य थ्रेडला ती उचलायला सवड मिळण्याआधी लागोपाठ दोन किमती पाठवल्या तर तिथेही शेवटचीच पोचते. हे अधिकृत दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेले वर्तन आहे. लाइव्हडेटा सध्याची स्थिती सांगतो, घडलेल्या गोष्टींची यादी ठेवत नाही. प्रत्येक नोंद मोजली गेलीच पाहिजे असे काम त्याच्यावर सोपवले, तर कधी एक नोंद दोनदा येईल आणि कधी एकदाही येणार नाही.

फळ्याच्या शेजारी दुसरे चित्र भोंग्याचे आहे. संकलन सुरू झाल्याचा भोंगा एकदा वाजतो. जो उशिरा आला त्याच्यासाठी तो पुन्हा वाजवायचा नसतो. अ‍ॅपमध्ये "नोंद जतन झाली" हा क्षणभर दिसणारा संदेश किंवा "पावतीच्या पडद्यावर जा" ही आज्ञा भोंग्यासारखी असते. ती लाइव्हडेटात ठेवली म्हणजे भोंगा फळ्यावर लिहून ठेवला, आणि प्रत्येक नवा ऑब्झर्व्हर तो पुन्हा वाजवतो. फोन वळवला की जुना संदेश परत दिसतो. पावतीच्या बाबतीत तर वापरणारा अडकून पडतो. तो मागे जाण्याचे बटण दाबतो, आधीचा पडदा नवा व्ह्यू घेऊन उभा राहतो, त्याला "पावतीवर जा" हीच शेवटची किंमत मिळते, आणि तो क्षणात पुन्हा पावतीवर ढकलला जातो. हा अनुभव घेतलेला माणूस ते अ‍ॅप काढूनच टाकतो, आणि मला त्यात त्याचे काही चुकते असे वाटत नाही.

यावर सुरुवातीला सिंगल-लाइव्ह-इव्हेंट नावाचा छोटा वर्ग (क्लास, म्हणजे कोडचा तयार साचा) फार प्रचलित झाला. तो गूगलच्या नमुना प्रकल्पांत होता. किंमत एकदा दिली की तो तिच्यावर खूण करतो आणि पुन्हा देत नाही. पण ऐकणारे दोन असतील तर त्यांतल्या एकालाच ती मिळते आणि तो कोणता हे ठरलेले नसते. काहींनी किंमत पाकिटात घालून "हे वाचले गेले" असा शिक्का पाकिटावर मारण्याची रीत स्वीकारली. नंतरचे अधिकृत मार्गदर्शन मला सर्वांत पटते. संदेश हाही स्थितीचाच भाग मानावा, पडद्याने तो दाखवावा, आणि दाखवल्यावर व्ह्यूमॉडेलला तसे कळवावे, म्हणजे व्ह्यूमॉडेल तो फळ्यावरून पुसून टाकते. यात दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण संदेश हरवत नाही आणि दुसऱ्यांदा दिसतही नाही.

अवस्था ओळखण्यातली अडचण फक्त नवशिक्यांची नाही, हे साधन बनवणाऱ्यांच्या अनुभवातून दिसते. पडदा मागे जाताना आपली स्थिती जतन करतो, आणि ती जतन झाल्यानंतर त्यात बदल करू नये असा नियम आहे. फ्रॅगमेंटची मांडणी त्यानंतर बदलायला गेलात तर अ‍ॅप अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना) फेकून थांबते. पण जुन्या अँड्रॉइडवर स्थिती जतन होणे आणि पडदा थांबल्याची सूचना येणे या दोन क्षणांत फट होती. अँड्रॉइड ६.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत तर दुसरी अ‍ॅक्टिव्हिटी पडद्याचा थोडाच भाग झाकत असली तरी स्थिती जतन होई, आणि थांबल्याची सूचना बराच वेळ येत नसे. या अवस्था सांभाळणाऱ्या लाइफसायकल साधनाच्या बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्त्यांत या काळात अवस्था तेवढी क्रिएटेडवर नेली जात होती, सूचना मात्र दिली जात नव्हती, त्यामुळे सूचनेवर अवलंबून असलेला कोड स्वतःला सक्रिय समजत राही. पुढे स्थिती जतन होताच थांबल्याची सूचनाही देण्याचे ठरले.

आज नवे प्रकल्प बहुतेक कोटलिन या भाषेतल्या फ्लो या साधनावर लिहिले जातात (फ्लो म्हणजे एकामागून एक किमती पाठवणारा प्रवाह), आणि लाइव्हडेटा सोडला म्हणजे हे प्रश्न सुटले असा समज अनेकदा ऐकू येतो. तो खरा नाही. फ्लोला पडद्याच्या आयुष्याबद्दल काहीच माहीत नसते, ते आपणच जोडावे लागते. सुरुवातीला त्यासाठी लाँच-व्हेन-स्टार्टेड वापरत. पडदा मागे गेला की त्याने ऐकणारा झोपत असे, पण पाठवणारा जागाच राही; स्थान कळवणारा फ्लो असेल तर कोणी पाहत नसतानाही बॅटरी खर्च होत राही. ती रीत आता निवृत्त केली आहे आणि तिच्या जागी रिपीट-ऑन-लाइफसायकल वापरतात. त्यात पडदा मागे गेला की ऐकणे पूर्ण रद्द होते आणि परत आल्यावर नव्याने सुरू होते. तिथेही मालक म्हणून फ्रॅगमेंट दिला तर रतीबाचा तोच घोळ होतो. कंपोज या पडदे लिहिण्याच्या नव्या पद्धतीत फ्रॅगमेंटच्या व्ह्यूचा प्रश्न उरत नाही, आणि आयुष्याचे भान ठेवून फ्लो वाचण्यासाठी कलेक्ट-अ‍ॅज-स्टेट-विथ-लाइफसायकल हे तयार साधन आहे.

स्टेटफ्लोमध्ये, म्हणजे लाइव्हडेटासारखी शेवटची किंमत धरून ठेवणाऱ्या फ्लोमध्ये, आणखी एक बारीक फरक आहे आणि दूध केंद्रावर तो लगेच दिसला असता. नवी किंमत जुन्या किमतीसारखीच असेल तर स्टेटफ्लो ती कळवतच नाही. लागोपाठ दोन सभासदांनी ५ लिटर दूध आणले आणि आपण फक्त लिटरचा आकडा पाठवत असलो, तर दुसऱ्याची नोंद ऐकणाऱ्यापर्यंत पोचणार नाही. लाइव्हडेटा मात्र समान किंमतही पुन्हा कळवतो. ज्यांनी एक साधन काढून दुसरे बसवले त्यांच्या अ‍ॅपमध्ये यामुळे नव्या चुका शिरतात, आणि त्या शोधायला जुन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण बदललेला कोड वाचताना सगळे समानार्थी दिसते.

तपासणी मी आता प्रत्येक पडद्यावर हाताने करतो, आणि ती करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. कोड लिहिण्याचे साधन असलेले अँड्रॉइड स्टुडिओ मालक म्हणून चुकून फ्रॅगमेंट दिलेला दिसला तर इशारा देते, तो इशारा दाबून टाकू नये. त्यापुढचे काम फोनवरच करावे लागते. पुढच्या पडद्यावर जाऊन परत यावे, फोन आडवा करून उभा करावा, होमचे बटण दाबून थोड्या वेळाने परत उघडावे. विकासकांसाठीच्या सेटिंगमध्ये मागे पडलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी ठेवू नयेत असा एक पर्याय असतो, तो चालू केला की मागे गेलेला पडदा लगेच नष्ट होतो. याने अ‍ॅपची प्रक्रिया मात्र संपत नाही. कमी स्मृतीच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागे राहिलेले अ‍ॅप व्यवस्था पूर्ण मारू शकते, आणि तेव्हा व्ह्यूमॉडेलही जाते. अर्धवट भरलेला आकडा तिथे टिकवायचा असेल तर सेव्ह्ड-स्टेट-हँडल वापरावे, आणि जतन झालेल्या नोंदी फक्त डेटाबेसमधूनच वाचाव्यात. हा प्रसंग घडवून आणायला अ‍ॅप मागे ठेवून संगणकावरून त्याची प्रक्रिया मारावी लागते.

केंद्राच्या अ‍ॅपची तिसरी आवृत्ती देण्याआधी मी सचिवांच्याच टेबलावर बसून हा क्रम केला. ६.५ भरले, खाते पाहून परत आलो, ४ भरले, फोन आडवा केला, अ‍ॅप मागे ठेवून त्याची प्रक्रिया मारली आणि पुन्हा उघडले. प्रत्येक पायरीला सचिव वहीकडे आणि मग फोनकडे पाहत होते. दुसऱ्या नोंदीनंतरच्या प्रत्येक पायरीला पट्टीत १०.५ होते.